पन

लिहिताना बाणाचा ण लागतो, गुरुजी सांगायचे.
आमच्या बोडीकाठी तो नळाचाच न होता.
तुझं बरोबर हाय बे, पन —
एवढं म्हणून हिवराज कापगते
तंबाखू मळायला थांबायचा,
आणि तोवर अख्खं दुकान थांबायचं.

दुकान म्हणजे काय, पाळीवरची टपरी.
एक खुर्ची, एक बाक, पारा उडालेला आरसा,
साकोलीहून दुपारच्या बसनं येणारा पेपर.
या टोकाला हिवराज, त्या टोकाला दयाराम लांजेवार,
मधे वाटून घेतलेली पानं.
वेगळा विदर्भ व्हावा की होऊ नये
यावर त्या दोघांनी सात वर्षं काढली.
शेवटी गोष्ट दोन कुडव चिन्नोरावर आली.
कोण हरलं ते ठरलंच नाही,
तांदूळ मात्र दोघांनीही
एकमेकांच्या घरी पोचवले.

मी मनिराम चन्ने. माझा धंदा हनुवटीचा.
एक सांगतो, कुठं लिहिलेलं नसेल:
ऐकणाऱ्या माणसाची हनुवटी सैल असते.
चिखल केलेल्या बांधीतून फळी फिरावी
तसा तिथून वस्तरा जातो.
जो नुसता आपली पाळी यायची वाट बघतो
त्याचा जबडा आतून दात धरून बसतो.
तिथं कापतं.

या दोन वर्षांत माझी तुरटी लवकर झिजते.

आता हिवराज सकाळी येतो,
दयाराम दिवे लागल्यावर.
कुणी ठरवून दिलं नाही.
दयारामच्या पोरानं मोटारसायकलला झेंडी लावली,
हिवराजच्या पुतण्यानं त्याहून मोठी लावली.
त्या साली रोवणीला
या घरच्या बाया त्या बांधीत उतरल्या नाहीत.
चार दिवस रोप वाळत पडलं,
पण झेंड्या दोन्ही हिरव्यागार वाऱ्यात.

पेपर अजून येतो. बाकावर घडीतच राहतो.
बातमी आधीच खिशात वाजून गेलेली असते,
रागासकट.
हिवराज म्हणतो, ते लोक.
दयारामही म्हणतो, ते लोक.
गावात घरं एकशे चाळीस,
या 'ते'चं घर कोणतं, मला अजून सापडलं नाही.
खुर्चीत बसून मलाच विचारतात,
तू कोणाकडून बे, मनिराम?
मी म्हणतो, मान जरा डावीकडं करा.
मग वाटतं, यालाही काही अर्थ निघेल,
म्हणून म्हणतो, खिडकीकडं करा.

माघात हिवराजचा बाप गेला.
दहाव्याला बोडीच्या काठी मी पाट मांडला.
भावकी रांगेनं उकिडवी.
हिवराजचं डोकं झालं होतं, गालाला साबण लावला होता,
तेव्हा पाळीवरून दयाराम उतरून आला.
चपला वरच ठेवल्या होत्या.
बराच वेळ पाण्याकडं बघत उभा राहिला.
यंदा पाणी पार आत गेलंय, कमळाचे देठ उघडे पडलेत,
तेच बघत असेल.
मग म्हणाला,
बुढा सांगत होता ना नहराचं.
त्याचंच खरं निघालं.

हिवराजनं मान वर केली नाही.
खरं हाय, म्हणाला.
आणि थोडं थांबून,
पन —

त्याची हनुवटी माझ्या बोटांत होती.
मला आधी कळलं, दयारामला नंतर.
मी वस्तरा उचलून धरला.

तेवढ्यात वर पाळीवर पोरानं हॉर्न वाजवला.
दोनदा.
मग तिसऱ्यांदा, जरा लांब.
दयाराम म्हणाला, जातो मग.
हिवराज म्हणाला, येजो.

गालावरचा साबण वाळला होता.
मी पुन्हा पाणी लावलं,
उरलेली बाजू घेतली.
रक्त आलं नाही.